मूळ प्रतीप्रमाणे

फाइल मी उघडणार नव्हतो, हे आधीच नोंदवून ठेवतो. वर्षालीनं अकोल्याहून ती माझ्या मोबाइलवर पाठवली आणि पाठोपाठ फोन करून बजावलं, "बाबा, जशी आहे तशीच छापून आनजा. हात लावू नोका. पाहू बी नोका." न पाहता पुढे पाठवलेल्या फायली मी सरकारी नोकरीत पुष्कळ पाहिल्या आहेत. पण 'पाहू नका' असं सांगितलेली फाइल न पाहणारा कारकून अठ्ठावीस वर्षांत एकही भेटलेला नाही. तो पहिला मान माझ्याकडं यावा असं मलाही वाटलं नाही.

वर्षाली आमची एकुलती एक मुलगी. अकोल्याच्या एका कला महाविद्यालयात पहिल्या वर्षाला आहे आणि संगणकावर चित्रं काढायला शिकते. कागद नाही, ब्रश नाही, फरशीवर रंग सांडत नाहीत, त्यामुळं तिच्या आईला हा विषय फार पसंत आहे. वर्षाचं मोठं काम होतं 'मी'. प्रत्येकानं स्वतःचं चित्र काढायचं, ते चार फूट बाय तीन फूट छापायचं आणि शेजारी एका पानात लिहायचं की मी मला असं का काढलं. शनिवारी अकरा वाजता प्रदर्शन होतं, बाहेरचे परीक्षक येणार होते आणि त्यांच्याच गुणांवर दुसऱ्या वर्षाची चांगली शाखा मिळणार होती. अकोल्यातली सगळी छपाईची दुकानं कुण्या पुढाऱ्याच्या स्वागताचे बॅनर काढण्यात गुंतलेली, म्हणून हे काम अमरावतीला, म्हणजे माझ्याकडं, वर्ग झालं.

आठवडाभर आधी महाविद्यालयाचा एक नमुनाही आला होता. 'सदर चित्र विद्यार्थिनीचे स्वतःचे असून त्यात पालक अथवा अन्य कोणीही हस्तक्षेप केलेला नाही.' खाली पालकाची सही. मी ती पूर्ण नावानिशी, तारीख घालून केली होती. सही करताना माझ्या मनात खरोखर काही नव्हतं.

मी चित्र उघडलं. वर्षालीचा चेहरा समोरून, अगदी सरळ पाहणारा. हसणं नाही, टिकली नाही. केसांच्या जागी दर्यापूरच्या आमच्या वावरातली काळी भेगाळलेली माती. अंगावरच्या कुडत्याला आईच्या जुन्या गाऊनवरची जांभळी फुलं. एका कानात एसटीचं तिकीट, दुसऱ्या कानात होस्टेलच्या खोलीची किल्ली. खांद्यावर शेजारच्या खुशालरावांचं मांजर.

मांजर होतं. मी नव्हतो.

मी चित्र मोठं करून पाहिलं. माझा चष्मा कुठं आहे का? माझा पेन? जिच्यावरून मी तिला दहा वर्षं शाळेत सोडलं ती स्कूटर? निदान तिचा आरसा? भेगांमध्येसुद्धा शोधलं. मोबाइल उलटा धरूनही पाहिलं. मला वाईट वाटलं, आणि ते इथं आडवळणानं सांगण्यात अर्थ नाही. चांगलंच वाईट वाटलं. मुलीनं स्वतःची ओळख काढावी आणि त्यात जन्मदात्याला मांजराइतकीही जागा असू नये!

मी चंदाला, म्हणजे बायकोला, हाक मारली. ती ओले हात पुसत आली, चित्र पाहिलं आणि एकदम खुलली. "अवो, हा तं माह्या गाऊन हाय! पाहा कशी हुबेहूब फुलं काढली पोरीनं!"

"आणि मी कुठं आहे?"

तिनं पुन्हा पाहिलं. "असान कुठंतरी," ती म्हणाली. आणि दूध उतू जाईल म्हणून आत गेली.

'असान कुठंतरी' हे उत्तर आमच्या कार्यालयात हरवलेल्या फायलींना देतात. मी मोबाइल घेऊन कुंपणाशी गेलो. खुशालराव एसटीत वाहतूक नियंत्रक होते. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी गल्लीतली कुठली गाडी कुठं थांबावी हे तेच ठरवतात. त्यांनी चित्र हातभर लांब धरून पाहिलं, मग जवळ घेतलं. प्रथम त्यांना मांजर दिसलं आणि त्यांचा ऊर भरून आला.

"वा! आमची मनी! पोट्टीले कदर हाय," ते म्हणाले. मग माझ्याकडं पाहिलं. "पन भगवंतराव, तुमी नाही दिसून राहिले."

"तेच म्हणतोय."

"बापाशिवाय पोट्टीची ओयख? ऐसा कैसा? हे तं बिना नंबरची गाडी झाली." ते खरोखर चिंतेत पडले. "एक काम करू. आपला गजेंद्र हाय ना फ्लेक्सवाला, माह्या ओयखीचा. वरच्या कोपऱ्यात एक गोल करून देते, त्यात तुमचा फोटो. सगळ्याच बॅनरवर असते थे. त्याले काई हात लावनं म्हनत नाही."

हा मुद्दा मला फार पटला. कोपरा म्हणजे काही चित्र नव्हे. कार्यालयीन पत्रावर जावक क्रमांक टाकतात, त्यानं पत्राचा मजकूर बदलतो का? चंदा आतून ऐकत होती. "तिनं हात लावू नोका सांगतलं ना? मंग काहून लावून राहिले?" असं तिनं एकदा विचारलं. पण दोन कर्ते पुरुष एखाद्या निर्णयाला आले की मग विचारलेल्या प्रश्नांची नोंद घेतली जात नाही.

शुक्रवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी आणि खुशालराव गजेंद्रच्या दुकानात पोचलो. गजेंद्र चाळिशीचा, शांत आणि कामात बुडालेला माणूस. शहरातल्या निम्म्या चौकांतले वाढदिवस त्याच्या हातून गेलेले. त्यानं मान वर न करता विचारलं, "परवानगी नंबर?"

"कसला?"

"फ्लेक्सले नंबर लागते साहेब. नंबर नसला तं मी मशीनवर घेत नाही. उद्या मले कोन सोडवन?"

आता मी स्वतः शासकीय माणूस. नियम म्हटला की माझे पाय आपोआप त्या दिशेला वळतात. फाइल गजेंद्रला पाठवून, खुशालरावांना दुकानात बसवून मी परवानगीच्या खिडकीवर गेलो. रांगेत माझ्या पुढं दोन वाढदिवस आणि एक नियुक्ती होती. माझा नंबर लागला तेव्हा आतल्या गृहस्थांनी अर्ज पुढं ओढला.

"प्रसंग?"

"आत्मचित्र."

त्यांनी यादीवरून बोट फिरवलं. "वाढदिवस, नियुक्ती, स्वागत, उद्घाटन, श्रद्धांजली. थे नाही यात."

"मग 'इतर' लिहा."

"इतरले आयोजकाचं पत्र लागते."

"आयोजक ती स्वतःच आहे."

"मंग तिचं पत्र आना. तिच्या फोटोले तिची हरकत नाही म्हनून."

मला त्यांचा राग आला नाही. त्यांच्या खुर्चीत मी असतो तर मीही हेच मागितलं असतं, वर दोन प्रती मागितल्या असत्या. शेवटी त्यांनी विचारलं, "लावता कुठं?" मी सांगितलं, अकोल्याला, महाविद्यालयाच्या एका खोलीत. त्यांनी पेनाला टोपण लावलं. "साहेब, हे पयले सांगाचं असते. खोलीतल्याले परवानगी लागतच नाही." माझ्या मागं उभा असलेला श्रद्धांजलीवाला हसला.

नंबर लागत नाही हा निरोप घेऊन दीड तासानं मी दुकानात परतलो तेव्हा काम बरंच पुढं गेलं होतं. पडद्यावर वर्षाली होती आणि तिच्या डोक्यावर पिवळ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'भावी चित्रकार'. गजेंद्र म्हणाला, त्याचा सगळा साचाच 'भावी'पासून सुरू होतो. मी ते ठेवू दिलं. त्यात खोटं असं काय होतं? उजव्या कोपऱ्यात माझ्यासाठी गोल तयार होता आणि त्याखाली 'प्रेरणास्थान' हा शब्द. तो वाचून मला, खरं सांगतो, बरं वाटलं. मी खिशातला पासपोर्ट फोटो काढून दिला.

पण डाव्या बाजूलाही एक गोल होता आणि त्यात खुशालराव बसले होते.

"समतोल पायजे ना," खुशालराव म्हणाले. "एका बाजूनं गाडी कलते."

मग चंदाला वगळणं शक्य नव्हतं. तिला फोन केला. ती म्हणाली, मी तर आधीच आहे चित्रात, मला नको. पण तिनं ही गोष्ट पलीकडच्या शकुनकाकूंना सांगितली आणि दहाव्या मिनिटाला शकुनकाकूंचा पैठणीतला फोटो माझ्या मोबाइलवर आला. खाली मजकूर, 'वर्षाले लहानपनी मीच सांभाळलं हाय, आठोन असू द्या.' तो नाकारायचा कसा? गजेंद्रनं खालच्या बाजूला 'शुभेच्छुक' अशी पट्टी ओढली आणि काकूंना तिथं बसवलं. पट्टी लांब आणि काकू एकट्या बऱ्या दिसेनात, म्हणून गजेंद्रनं सवयीनं 'आणि समस्त मित्रपरिवार' लिहून ती भरून काढली.

इथवर मी सगळं कोपऱ्याच्या सदरात घालत होतो. यापुढं जे झालं ते मात्र माझ्या सहीनं झालं.

गजेंद्रनं चेहरा मोठा केला. "ताई सावळ्या आल्या थोड्या. उजेड मारू का?"

"मारा थोडा."

"आन नाक. बसकं आलं हाय जरासं. आमी सगळ्याईचंच नीट करून देतो, मेळाव्याच्या फोटोईले तं करावंच लागते." त्यानं एक खूण उजवीकडं सरकवली. वर्षालीचं नाक माझ्या डोळ्यांसमोर हळूहळू बारीक झालं, टोकाला सरळ आणि एकदम देखणं. "पाहा. हिरोईन!"

मी पाहिलं आणि मला समाधान वाटलं. वाटलं, पोरीसाठी आपण काहीतरी केलं.

"तुमचं बी करू का साहेब?" गजेंद्रनं माझा पासपोर्ट फोटो पुढं घेतला.

"नको," मी म्हणालो. "माझं ओळखपत्राशी जुळलं पाहिजे."

शनिवारी सकाळी फ्लेक्सची गुंडाळी घेऊन मी अकोल्याची एसटी पकडली. ती आडवी ठेवली तर लोकांच्या पायांत येत होती आणि उभी ठेवली तर छताला लागत होती, म्हणून मूर्तिजापूरपर्यंत मी ती तिरपी कवेत धरून बसलो. कंडक्टरनं विचारलं, "काका, सतरंजी का?" मी म्हणालो, मुलीचं चित्र आहे. शेजारच्या बाईनं आपली पिशवी सरकवून जागा करून दिली. मला वाटलं, आपण दिसत नसू चित्रात, पण चित्र वाहून तर आपणच नेतोय.

प्रदर्शनाच्या खोलीत पोचलो तेव्हा साडेदहा झाले होते. भिंतींवर तीसेक चेहरे लागले होते. कुणी स्वतःला झाडासारखं काढलेलं, कुणी स्वतःचे नुसते पाय. वर्षाली धावत आली, माझ्या हातातली गुंडाळी घेतली आणि विचारलं, "जशीच्या तशी ना बाबा?"

"जवळजवळ," मी म्हणालो.

दोन मैत्रिणींनी टोकं धरून फ्लेक्स उलगडला. आधी शकुनकाकू आल्या. मग समस्त मित्रपरिवार. मग बाकीचं. खोलीत कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच थांबलं. त्यांच्या पौर्णिमा मॅडम जवळ आल्या, मान तिरपी करून पाहिलं आणि फार सौम्यपणे विचारलं, "वर्षाली, हे तुझ्या वाढदिवसाचं आहे का?"

वर्षालीनं गोलांकडं पाहिलंच नाही. पिवळ्या अक्षरांकडंही नाही. ती चेहऱ्याकडं पाहत राहिली. मी मनात उत्तरं तयार ठेवली होती: कोपरा चित्रात धरत नाहीत, समतोल लागतो, काकूंना वाईट वाटलं असतं. त्यातलं एकही तिनं विचारलं नाही.

"बाबा," ती म्हणाली, "हे कोन हाय?"

"तूच की."

"मी नाही हे." आणि ती खोलीबाहेर गेली.

ती रडली असती तर मला काहीतरी करता आलं असतं. समजूत घातली असती, गजेंद्रवर ढकललं असतं. ती रडली नाही. मॅडमनी फ्लेक्स भिंतीला लावायला सांगितला, कारण अकरा वाजत आले होते आणि जागा रिकामी ठेवली तर गुणच मिळाले नसते. शेजारी तिचं पान आधीपासून चिकटवलेलं होतं. करण्यासारखं दुसरं काही नव्हतं म्हणून मी ते वाचायला लागलो.

'माझ्या केसांत आमचं शेत आहे,' असं सुरुवातीला होतं. मग आईचा गाऊन, तिकीट, किल्ली, 'शेजारचं मांजर, कारण ते कुणाचंच ऐकत नाही आणि मला तसं व्हायचं आहे'. मी भराभर खाली आलो. शेवटचा परिच्छेद मला अजून पाठ आहे.

'माझं नाक माझ्या बाबांचं आहे. दहावीत वर्गातली मुलं त्यावरून मला चिडवायची. मी घरी सांगितलं नाही, कारण तेच नाक घेऊन बाबा रोज संध्याकाळी ऑफिसातून यायचे आणि त्यांना त्याचं काहीच वाटायचं नाही. ते त्याच्यावर चष्मा ठेवायचे आणि पेपर वाचायचे. तेव्हापासून माझ्या प्रत्येक फोटोला मी नाक बारीक करायचं बटण दाबत आले. या चित्रात पहिल्यांदाच दाबलं नाही. हे चित्र काढायला मला दोन महिने लागले, त्यातला एक महिना ते बटण न दाबण्यात गेला.'

मी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. तो आपल्या जागी नीट बसला. तो कधीच घसरत नाही. फ्लेक्सवर मी होतो, उजव्या कोपऱ्यात, प्रेरणास्थान म्हणून. आणि चित्रात जिथं मी खरोखर होतो, अगदी मधोमध, तिथून मी स्वतःला स्वतःच्या संमतीनं पुसून टाकलं होतं. अठ्ठावीस वर्षं मी झेरॉक्स मूळ कागदाशी ताडून पाहतो आणि 'मूळ प्रतीप्रमाणे' असा शिक्का मारतो. आजवर एक अक्षर इकडचं तिकडं गेलेलं माझ्या नजरेतून सुटलेलं नाही. माझ्या स्वतःच्या मुलीचा चेहरा मात्र मी ताडून पाहिला नाही.

वर्षाली परत आली तेव्हा तोंड धुतलेलं होतं. मी म्हणालो, "वर्षा, माझं चुकलं. मी स्वतःला शोधत होतो त्यात."

ती माझ्याकडं पाहत राहिली. समोरून पाहिलं, मग एक पाऊल सरकून बाजूनं पाहिलं. मला कळेना की ती रागावलीय की मोजमाप घेतेय. मग तिनं मॅडमकडून पेन आणला आणि पानाच्या तळाशी लिहिलं:

'दुरुस्ती: छापलेल्या चित्रातील नाक मूळ प्रतीप्रमाणे नाही. मूळ प्रत शेजारी उभी आहे.'

"बाबा, इकडं या," ती म्हणाली. "इथं. आन चष्मा काढा."

मी चष्मा काढून फ्लेक्सच्या उजव्या बाजूला उभा राहिलो. चष्म्याशिवाय मला पाच फुटांपलीकडं सगळं धूसर दिसतं. त्यामुळं परीक्षक आत आले ते मला दोन करड्या आकृत्यांसारखे दिसले. त्या आकृत्या फ्लेक्ससमोर थांबल्या. पुढं वाकल्या, पान वाचलं. मग माझ्याकडं वळल्या.

"आपण जरा डावीकडे वळता का?" एक आकृती म्हणाली.

मी वळलो.

"आणि हे गोल कुणी टाकले?"

"मी," मी म्हणालो. "हस्तक्षेप माझा आहे. नमुन्यावर सही पण माझीच आहे, ती खोटी ठरली. पोरीचे गुण कापू नका."

पलीकडं काहीतरी लिहिल्याचा आवाज आला. काय लिहिलं ते आम्हाला अजून माहीत नाही, निकाल पुढच्या महिन्यात आहे. जाताना त्यातला एक आवाज एवढंच म्हणाला, "उभे राहा हो अजून, लोकांना पाहू द्या."

मी पाच वाजेपर्यंत उभा होतो. दुपारी वर्षालीनं खुर्ची आणली, पण बसलं की उंची जुळत नव्हती. कॉलेजची मुलंमुली येत होती, वाचत होती, चित्र पाहत होती आणि मग मला पाहत होती. एक मुलगी पान वाचून झाल्यावर बराच वेळ माझ्यासमोर थांबली. मग तिनं स्वतःच्या नाकाला हळूच बोट लावलं आणि निघून गेली. माझे पाय भरून आले होते, आणि एवढं ताठ मी आयुष्यात कधी उभा राहिलो नव्हतो.

संध्याकाळी खोली रिकामी झाली तेव्हा वर्षाली माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. आईला पाठवायला म्हणून तिनं मोबाइल समोर धरला. पडद्यावर आम्ही दोघं दिसलो, जवळ जवळ, आणि खाली मोबाइलनं आपणहून एक बटण पुढं केलं, चेहरे सुधारायचं. तिचा अंगठा त्याच्यावर थांबला. ती पडद्यातूनच माझ्याकडं पाहत होती.

"दाबू का बाबा?"

"हात लावू नको," मी म्हणालो.